वधूवर सर्व्हरचा बंदोबस्त

कुणाला आत घ्यायचं यापेक्षा कुणाला घ्यायचं नाही, हे ठरवण्यातच संस्थेचं मोठेपण असतं. आमच्या गुडगावच्या महाराष्ट्र स्नेहमंडळाला हे फार लवकर कळलं. इथे घरं नवी, ओळखी नव्या, लग्नाची मुलं तेवढी जुनी होत चाललेली. म्हणून मंडळाने सगळी स्थळं एका सर्व्हरवर ठेवली. (सर्व्हर म्हणजे मंडळाच्या खोलीत सतरंज्यांशेजारी घुरघुरणारा कॉम्प्युटर. लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याला जोडून घ्यायचं आणि स्थळं बघायची.)

तो सांभाळायची माझी मुलगी रुचिरा. तिचंही स्थळ त्यातच होतं: तिशी उलटलेली, आयटीत नोकरी, स्वभाव आईवर. (शेवटची नोंद आमच्या सौ. वैजयंतीची.) हिचं लग्न कधी होणार, या काळजीने आमची दोघांची झोप उडाली होती.

आणि बघतो तर काय, नोएडा, फरिदाबाद, कुठूनकुठून लोक आत डोकावून जायला लागले. एका गृहस्थाने तर तीन मुलींना एकच पत्र पाठवलं, वरचं नावसुद्धा न बदलता. अध्यक्ष श्रीरंगरावांचा पारा चढला. तातडीची सभा भरली.

रुचिराने समजावलं की प्रत्येक कॉम्प्युटरला आपला एक पत्ता असतो. दोन याद्या करायच्या, एक येऊ द्यायच्यांची, दुसरी अडवायच्यांची. सर्व्हर पहिली यादी आधी वाचतो, आणि पत्ता तिथे सापडला तर दुसरीकडे बघतही नाही.

सभेने दुसऱ्या यादीत एकच शब्द घातला: 'सगळे'. मंडळाच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. (बाजूने सर्व, विरोधात कुणी नाही, झोपलेले दोन.) पहिली यादी उपसमितीकडे गेली. तिथे पुणेकर आधी की मुंबईकर, यावर चर्चा अडली ती अडलीच.

"काका, देखभालीसाठी एक तरी मशीन आत यायला लागेल ना," रुचिरा अध्यक्षांना म्हणाली.

फक्त एकच, असं त्यांनी बजावलं. तिने पहिल्या यादीत एक पत्ता घातला. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. तांत्रिक बाबतीत नाक खुपसायचं नाही, असा आमचा शिरस्ता आहे.

बंदोबस्त असा चोख की वर्षभरात एकही अनोळखी माणूस आत आला नाही. ओळखीचाही नाही. मी स्वतः ऑफिसातून प्रयत्न केला, तर मलाही हाकललं. अभिमानाने छाती फुगली. घरी येऊन सांगितलं.

"अहो, पण मग आपल्या पोरीला बघणार कोण?" वैजयंती म्हणाली.

दिवाळीला रुचिरा गाझियाबादच्या एका अनिशला घरी घेऊन आली. (मराठीच. वैजयंतीने दारातच विचारून घेतलं.) त्याला रुचिराची उंची, नक्षत्र, 'स्वभाव आईवर', सगळं पाठ होतं. मी विचारलं, हे तुला कसं ठाऊक?

"काका, वर्षभर देखभाल मीच करतोय," तो म्हणाला.

क्षणभर राग आला, नाही असं नाही. मग वैजयंतीचा चेहरा बघितला आणि मलाही भरून आलं. वार्षिक अहवालात श्रीरंगरावांनी नोंद केली: आत आलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांची लग्नं जमली. उपसमितीची चर्चा चालू आहे.

तुम्ही हसताय. हसा. आतल्या खोलीत तुमची मुलगी कॉम्प्युटरपुढे गप्प बसून काम करते आहे, बाहेरचं कुणी येत नाही, जात नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. आम्हीही होतो.