उसनं कोपर

सन एकोणीसशे सत्तावन्न. श्रावण अर्धा सरत आला होता, पोळ्याला सतरा दिवस उरले होते, आणि मी कानाचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

कारण कान नव्हतं. कारण नत्थूजी होता.

आमचं गाव पवनारच्या पलीकडे, धाम नदीच्या काठी. पोळ्याचं तोरण तोडायचा मान आमच्या घराचा. सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात, माणसं पाळीपाळीनं झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणतात. शेवटची झडती संपून हर हर महादेवचा घोष विरला की मी इळ्यानं आंब्याच्या पानांचा दोर कापायचा आणि बैल पुढं निघायचे. आधी कापला तर झडती म्हणणाऱ्याचा अपमान. उशिरा कापला तर बैल बिथरतात आणि माणसं हसतात. माझ्या बापानं हे काम चाळीस वर्षं केलं, मी एकोणीस. आमच्या घरावर कुणी हसलं नव्हतं.

मागच्या साली मी इळा उचलून उभा होतो. झडती संपली. मला कळलं नाही. शेजारी उभ्या नत्थूजीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी कापला. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नत्थूजी त्यावर वर्षभर एक शब्द बोलला नाही. हे फार वाईट. बोलला असता तर भांडता आलं असतं. आमची शेतं लागून. तो नुसता बांधावर भेटायचा आणि कोपर चोळायचा. (खाजत असेल. मी विचारलं नाही.)

कुणाचं उसनं ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पायलीभर ज्वारी आणली तर शीग लावून परत जाते. पण कोपर परत कसं करायचं, हे बापानं शिकवलं नव्हतं. निदान दुसरं अंगावर चढू नये, म्हणून यंत्र.

माझा मुलगा श्रीधर वर्ध्याला कचेरीत कारकून. तो मला नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं माझ्या दोन्ही कानांवर काळ्या वाट्या बसवल्या. त्यांची वायर एका पेटीत गेली होती. तिला ऑडिओमीटर म्हणतात. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच काम.

मी तीस वर्षं वर्ध्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होतो. काट्यावरचा माणूस समोरच्याचं ऐकत नाही, त्याचा हात पाहतो. डॉक्टरचा हात पेटीच्या खुंटीकडे गेला की मी बोट वर करी. डॉक्टर खूश दिसला. मग त्यानं चष्मा पुसला. मी बोट वर केलं. त्यानं मान खाजवली. मी बोट वर केलं. तेव्हा त्यानं पेटीची विजेची वायर उचलून मला दाखवली. ती कुठंच जोडलेली नव्हती.

मग मला भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं. त्यानंतर मला बरंच कमी ऐकू आलं.

कागदावर लिहून मिळालं ते असं: उजवा कान मॉडरेट, डावा कान सिव्हिअर. श्रीधर म्हणाला, मॉडरेट म्हणजे मध्यम आणि सिव्हिअर म्हणजे तीव्र. मी विचारलं, बहिरा असं कुठं लिहिलं आहे का. तो म्हणाला, नाही.

मग झालं. आपल्या भाषेत बहिरा हा एकच शब्द आहे आणि तो सगळ्यांना एका खड्ड्यात ढकलतो. इंग्रजीत पायऱ्या आहेत. मी मधल्या पायरीवर उभा होतो. खाली बरीच जागा होती.

यंत्र म्हणजे पानाच्या डब्यापेक्षा लहान असा एक डबा. तो बंडीच्या खिशात ठेवायचा. त्यातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाचा मणी कानात बसतो. श्रीधरनं वहीच्या पानावर मला शब्द लिहून दिले: मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, कॉर्ड, रिसीव्हर, व्हॉल्यूम, बॅटरी. मी चौथी पास, तीही मराठी. पण सिंदी स्टेशन येईपर्यंत पाच शब्द पाठ झाले. (ॲम्प्लिफायरला सेलू रोड लागलं.)

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बसून मी गावाला समजावून सांगितलं. अण्णाजी बहिरा नाही, मॉडरेट आहे. यापुढं ओरडण्याचं कारण नाही. मायक्रोफोन इथं खिशात आहे, त्याच्याजवळ हळू बोलावं. व्हॉल्यूम माझ्या हातात आहे.

गावानं ऐकलं. चार दिवसांत माणसं माझ्या तोंडाकडे पाहायची सोडून खिशाशी वाकून बोलू लागली. पारावरच्या भैयाजीनं तर खिशालाच रामराम घातला.

घरात अडचण झाली. सून सुमती माझ्याशी दाराआडून पदर घेऊन बोलणारी. सासऱ्याच्या छातीशी वाकून ती कशी बोलणार? म्हणून जेवताना डबा उंबरठ्यावर ठेवायचा असं ठरलं. कॉर्ड हातभर. मी उंबरठ्याशी मान वाकडी करून बसायचो आणि सून आतून डब्याला विचारायची, भात वाढू का.

आता बॅटरी. ती नागपूरहून आणावी लागते आणि चालू ठेवली की सरते. मी हिशेबी माणूस. आमच्या गावातलं बहुतेक बोलणं बॅटरी जाळण्याच्या लायकीचं नाही. म्हणून मी मणी कानात ठेवायचो आणि बटण बंद. तोरणाच्या दिवशी लावू.

यातून एक झालं. आधी लोक ओरडायचे तेव्हा उजव्या कानात निम्मं तरी शिरायचं. आता सगळे हळू बोलत आणि मला काहीच ऐकू येत नसे. पण छातीवर यंत्र असताना ‘काय म्हणाला’ असं विचारणं म्हणजे यंत्राचा अपमान. माझाही. म्हणून मी मान हलवायचो. लगेच नाही. थोडा विचार केल्यासारखं करून.

एका संध्याकाळी माझी बायको मनकर्णाबाई समोर येऊन बसली आणि मी बटण लावल्याची खात्री करून बोलली. “आंधी तुमाले आयकू येत नवतं तं वरडून सांगता येत होतं. आता येते म्हनतात, तं बोलताच येत नाई.”

मी विचार करून मान हलवली.

पोळ्याला आठ दिवस असताना नत्थूजी पारावर आला. पाचसहा जण बसले होते. तो माझ्याजवळ बसला, खिशाशी वाकला आणि पुष्कळ बोलला. हा माणूस सबंध वर्षात इतकं बोलला नव्हता. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, घरात कुणी गेलं. मी चेहरा तसा केला आणि मान हलवली. त्यानं माझे दोन्ही हात धरले. तेवढ्यात भैयाजीनं सगळ्यांना तंबाखू वाटली. म्हणजे कुणी गेलं नव्हतं. मी चेहरा परत घेतला.

पोळ्याच्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून, इळा घेऊन तोरणाशी गेलो. माझा चांद्या शिंगं रंगवून, झूल घेऊन पहिल्या जागी उभा होता. सहा वर्षं तोरणाखालून पहिला तोच जातो. आणि त्याच्यापुढं, माझ्या जागी, नत्थूजी उभा होता. त्याच्याही हातात इळा होता.

मी बटण लावलं. नत्थूजी खिशाशी वाकला.

“अण्णाजी, तू इळा काऊन आनला? यंदा तोरन मी तोडू म्हनलं, तं तू पाच जनाईपुढं हो म्हनला ना.”

मी इळा पाठीमागं घेतला.

“माहे कान गेले, गड्या. दोनी बी तुह्या डाव्यावानी. पोरगा म्हनते, पुढच्या साली पारावरच बसजो. म्हनून येक डाव तोडू दे म्हनलं. तुले तं आता समदं आयकू येते. झडत्या सरल्या का मले कोपर मारजो. मांगच्या साली म्या मारलं होतं, याद आहे ना?”

मागं पाचसहा माना हलल्या. बापाची चाळीस वर्षं, माझी एकोणीस, आणि मी ती एका मानेत देऊन टाकली होती. ऐकलं नव्हतं असं सांगता आलं असतं. पण छातीवर डबा होता.

“याद आहे,” मी म्हणालो, आणि माझा इळा श्रीधरच्या हातात दिला.

झडत्या सुरू झाल्या. एकही अक्षर सुटू नये म्हणून मी व्हॉल्यूम पुरा फिरवला. डफ, ताशे, पन्नास जोड्यांच्या घुंगरमाळा आणि माझ्याच बंडीची खरखर, एवढं सगळं हरभऱ्याएवढ्या मण्यातून माझ्या मॉडरेट कानात एकदम घुसलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी बटण बंद केलं.

मग शांत झालं. विहिरीच्या तळाशी असतं तसं.

नत्थूजी इळा उचलून उभा होता. तो झडती म्हणणाऱ्याकडे पाहत नव्हता, माझ्या कोपराकडे पाहत होता. आधी मारलं असतं तर गावापुढं नत्थूजी उघडा पडला असता, नंतर मारलं असतं तरी तेच, आणि ती माझी परतफेड ठरली असती. मी काट्यावरची विद्या काढली. कान सोडले आणि शेवटची झडती म्हणणाऱ्या प्रेमदासच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पण प्रेमदास तंबाखूचा भक्त. त्याचं तोंड गप्प असतानाही हलतं. घोष करणारे लोक आमच्या पाठीमागं बैल धरून होते, आणि नजर काढली तर प्रेमदास निसटणार.

मी कोपर तयार ठेवलं आणि घाम पुसला.

तेवढ्यात पाठीत काहीतरी ओलं आणि जड आदळलं. चांद्याचं नाक. घोष विरला की आपण निघायचं, हे त्याला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. मधे मी उभा होतो, म्हणून त्यानं मला ढकललं.

मी कोपर मारलं.

इळा खाली आला. तोरण तुटलं. चांद्या आमच्या दोघांच्या मधून पुढं गेला आणि त्याच्यामागं सगळे बैल निघाले. भैयाजीनं फेटा उडवला. नत्थूजीनं बरगडी चोळली, माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. (या वेळी कशासाठी ते माहीत होतं.)

परतताना शाळामास्तर खिशाशी वाकले. मी बटण लावलं होतं. त्यांनी विचारलं, एवढ्या गोंगाटात इतकं अचूक कसं ऐकू आलं, यंत्राचा कोणता भाग हे करतो.

“ॲम्प्लिफायर,” मी म्हणालो.

घरी बैलांची पूजा झाली. मनकर्णाबाईनं त्यांना पुरणपोळी भरवली आणि मग माझं पान वाढलं. पानात दोन पोळ्या होत्या. मी त्या उचलल्या आणि गोठ्याकडे निघालो. ती म्हणाली, बैलांचं झालं आहे, त्या तुमच्या आहेत. मला ऐकू आलं होतं.

दोन्ही पोळ्या चांद्याला घातल्या. त्यानं खाल्ल्या. फिटलं.