फोटोत दारच फार

माणसाचा फोटो काढायचा तर माणसासमोर उभं राहावं, एवढीही अक्कल आमच्या जावयाला नाही. कॅमेरा हातात आला की हा आधी आडोसा शोधतो. मी ओट्याशी उभी असले की हा दाराबाहेर. मी अंगणात भाजी निवडायला बसले की हा झाडामागे, दोन फांद्यांच्या बेचक्यातून एक डोळा मिटून बघतोय. स्वतःच्या घरात माझ्यावर पाळत!

त्यांच्या घरी पाइपांचं काम निघालं म्हणून लेक-जावई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेले. दोनाचे चार झाले. पाइप इतके लांब कुठे असतात, देव जाणे. हे घर मी उशांचे अभ्रे शिवून उभं केलं. एकेका विटेमागे किती टाके गेले, ते माझ्या बोटांना ठाऊक. घराच्या बाबतीत मी देवावरही विश्वास टाकत नाही, तिथे जावई कुठला?

एकदा तो आंघोळीला गेलेला बघून मी लेकीला म्हटलं, "दाखव गं ते फोटो."

पहिल्या फोटोत स्वयंपाकघराचं दार, वरच्या कडीपासून खालच्या उंबऱ्यापर्यंत. आत मी, मिरचीएवढी. दुसऱ्यात जिन्याची कमान, पल्याड मी. तिसऱ्यात खिडकी, गजांसकट. मग फाटक, मग मागचं दार. घराचा नुसता पंचनामा.

"यात मी कुठाय?"

"अगं आई, मधोमध तूच तर आहेस!"

"मधोमध माशीसुद्धा बसते. मोठं काय दिसतंय? दार!"

शेजारणीला विचारलं. तिचा भाऊ घरांची दलाली करतो, त्यामुळे तिला जगातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "विकायला काढलेल्या घराचे फोटो असेच असतात हो. दारं-खिडक्या शाबूत आहेत, हे गिऱ्हाइकाला आधी दाखवायचं असतं."

"मग मधे मी कशाला?"

"दार केवढं उंच आहे ते कळायला. माझा भाऊ खुर्ची ठेवतो."

त्यात दुसऱ्या दिवशी जावई फोनवर सांगत होता, "दार जुनंय, पण उजेड काय सुंदर येतो! रविवारी सगळ्यांना घेऊनच या, सर."

संपलं. मी घराचे कागद ट्रंकेतून काढून पिठाच्या डब्यात तळाशी दाबले आणि घर विद्रूप करायला घेतलं. मागच्या दारात फाटक्या चादरी ओल्याच टांगल्या. खिडकीत पोती रचली, मधे वीतभर फट तेवढी राहिली. कमानीला शिडी लावून ठेवली. म्हटलं, काढ आता फोटो!

तर हा बाबा आनंदाने उडालाच. "वा, आई! अशाच थांबा! दोन चादरींमधून बघा जरा माझ्याकडे. रागाने बघा, रागाने फार छान येतंय!"

रागाने बघायला मला कुणी सांगावं लागत नाही.

रविवारी सात माणसं आली. पुढे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. फाटकाशीच थांबून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "काय घर आहे!"

मी फाटक आतून धरून ठेवलं. "घरात काही दम नाही. छप्पर गळतं. चौकटींना वाळवी आहे. मोरी तुंबते. आणि शेजार म्हणाल तर चोवीस तास भिंतीला कान लावून बसलेला."

भिंतीपलीकडून आवाज आला, "मी कपडे वाळत घालतेय हो!"

दाढीवाले गोंधळले. "बाई, मी फोटोग्राफी शिकवतो. हे माझे विद्यार्थी. तुमच्या जावयांचा फोटो वर्गात पहिला आला, तो द्यायला आलोय. आणि जमलं तर जागा बघायला."

"बघा! जागा बघायलाच आलेत! कबूल केलं!"

आतून लेक आणि जावई धावत आले. दाढीवाल्यांनी फाटकावरूनच एक मोठा फोटो माझ्यासमोर धरला. दोन ओल्या चादरी, आणि त्यांच्या फटीतून माझं तोंड.

"डोळे मिटा बाई. आता उघडा. आधी काय दिसलं?"

सांगायचं जिवावर आलं होतं. "मी."

"झालं तर मग. चादर, दार, फांदी, हे सगळं नजरेला वाट दाखवायला असतं. तुमच्यापर्यंत आणून सोडलं की त्याचं काम संपलं."

मी खोट काढायला बघितलं. चादरीचं भोकही नीट आलं होतं. पण नजर फिरून फिरून माझ्याच तोंडावर जाई.

जावयाचा चेहरा एवढासा झाला होता. "आई, तुम्हाला वाटलं मी घर विकतोय?"

"मला कशाला वाटेल? शेजारणीला वाटलं."

भिंतीपलीकडे कुणीतरी जोरात खोकलं.

मी फाटक उघडलं. तेवढ्यात त्या सातांतला एक जण, चकचकीत बुटांचा, जावयाजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू? गळकं असलं तरी मला आवडलंय. त्यांना जरा पटवा ना. चांगला भाव देतो."

माझा हात फाटकावर तसाच राहिला. जावयाने माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माणसापुढे नीट उभा राहून म्हणाला, "घर त्यांचं आहे. हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि फोटो काढायचे असतील तर आधी त्यांना विचारायचं."

लेक माझ्याकडे बघत होती, दाढीवाले बघत होते, भिंतीवरून शेजारीणही उघड उघड बघत होती. मग मीच बोलले.

"जावईबापू, माणूस तुम्ही सरळ आहात, उभे तेवढे वाकडे राहता. यापुढे समोर यायचं. आणि आधी मला केस विंचरू द्यायचे."