नानांची गाडी नीट होईपर्यंत

गतिरोधक आला की आमचे शेजारी वसंतनाना गाडी थांबवतात आणि शेजारी बसलेल्या माणसाला खाली उतरवतात. त्या माणसाने चालत पुढे जायचं, हलकी झालेली गाडी नाना तिरकी करून हळूच पार करणार, मग माणसाने पुन्हा आत बसायचं. गाडी लाल आहे, दोन सीटची, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून नानांनी ती जुनी घेतली. तिचं पोट रस्त्यापासून जेमतेम अर्धी वीत वर. "तिचं पोट घासलं की मला लागतं," असं नाना म्हणतात. जळगावात गतिरोधक भरपूर, त्यामुळे नानांच्या गाडीतून निघालेला माणूस बरीचशी वाट पायीच चालतो.

तो माणूस बहुतेक वेळा मी असतो. नानी गेल्या, मुलगी नाशिकला दिली, ठिबकच्या नळ्यांचं दुकान पुतण्या बघतो. शेजारची सीट रिकामी असते. मी साक्रीकडच्या एका खेड्यातून आलेलो, आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. नाना तर मुळीच लपवत नाहीत. चहाच्या टपरीवरसुद्धा "हा आमचा ग्रॅज्युएट" अशी माझी ओळख करून देतात. वर मी विमा कंपनीच्या कचेरीत, म्हणजे गाडीच्या बाबतीत मी त्यांचा घरचाच माणूस.

"नीट म्हणजे नीट" हे त्यांचं पालुपद. गाडी कापडाने पुसायची तर एकाच दिशेने. टायरला पाणी मारायचं तर कोमट. लोक हसतात. मीही हसायचो.

गेल्या लग्नसराईत नात्यातल्या एका लग्नाला नाना मला घेऊन गेले. मंगल कार्यालयाच्या मैदानात त्यांनी गाडी सगळ्यांपासून लांब, एकटी लावली. अक्षता पडल्या, आम्ही जेवून बाहेर आलो, तोच एक जुनी जीप मागे घेता घेता थेट नानांच्या गाडीवर आली. डावं दार आत गेलं, पुढचा पत्रा चुरगळला. जीपमधून एक म्हातारे गृहस्थ उतरले. डोक्यावर टोपी, गळ्यात गमछा, गुडघ्यात जरा लंगडत. आजूबाजूचे पाहुणे दोन पावलं मागे सरले. मला कुणीतरी कानात सांगितलं, हे हिलालआबा, नानांचे सख्खे थोरले भाऊ.

अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी दोघांची एक विहीर आहे. पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं, ते आई गेल्यावरही जुळलं नाही. दहाव्याला दोघं नदीच्या दोन काठांना उभे होते म्हणतात.

आता मोठं भांडण होणार, असं सगळ्यांना वाटलं. नानांनी भावाकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "यांना सांग, गाडी नीट करून पाहिजे."

आबाही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला सांग, मी उभा राहून करून देईन."

त्यांच्या गावची ही रीत आहे. कुणाच्या बैलाने कुणाचा बांध तुडवला, कुणाच्या हातून कुणाचं औत मोडलं, तर पैसे टेकवून मोकळं व्हायचं नाही. ज्याने मोडलं त्याने दुरुस्ती होईस्तोवर जातीने उभं राहायचं. ज्याचं मोडलं तो "झालं" म्हणाला की प्रकरण मिटलं, दोघं आपापल्या वाटेला मोकळे.

मी नानांना समजावलं की विमा आहे, कंपनी सगळं बघेल, कुणी उभं राहायची गरज नाही. नाना म्हणाले, "विमा येऊन उभा राहतो का?"

गाडी औद्योगिक वसाहतीतल्या रफिकभाईंकडे गेली. दर सोमवारी आबा एसटीने अमळनेरहून येत. नाना मला रिक्षाने घेऊन जात, आणि मी दोघांच्या मध्ये उभा. दार रफिकभाईंनी लवकरच सरळ केलं. पण नानांना ते पटेना. म्हणाले, दार लागल्याचा आवाज वेगळा येतो. आधी "टप" यायचा, आता "ठक" येतो. पुढच्या सोमवारी दाराची फट वर जास्त, खाली कमी. मग रंग. तो उन्हात बघून झाला, लिंबाच्या सावलीत बघून झाला, गाडीवर पाणी ओतूनही बघून झाला. रफिकभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये गाड़ी मेरे यहाँ बूढ़ी हो जाएगी, साहब."

दोघं भाऊ दाराच्या दोन बाजूंना उभे असत आणि बोलत माझ्यातर्फे. त्याला सांग, यांना सांग. सुरुवातीला सगळं पत्र्याचं आणि रंगाचं असे. मग एका सोमवारी नाना म्हणाले, "यांना विचार, गुडघ्याला तेल लावतात का." आबा म्हणाले, "त्याला सांग, लावतो." पुढच्या खेपेला आबांनी भरताची वांगी आणली आणि पिशवी बॉनेटवर ठेवली. नानांनी मला सांगितलं, "यांना सांग, बॉनेटवर काही ठेवायचं नाही." मग स्वतःच पिशवी उचलली आणि निघेपर्यंत छातीशी धरून उभे राहिले. परतताना रिक्षात माझ्याही हातात दिली नाही.

शेवटी एका सोमवारी रफिकभाईंनी सांगून टाकलं, आज गाडी न्यायची. गाडी खरोखर नवी दिसत होती. नानांनी तिला फेऱ्या मारल्या. खाली वाकून पाहिलं, फटीतून बोट फिरवलं, दार उघडलं, लावलं. "टप". पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "टप". काहीही उणं नव्हतं. आबा गमछा हातात घेऊन उभे होते, एक शब्द ऐकायला थांबलेले.

नाना दारावर तळवा ठेवून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमी मला काहीतरी सांगायला लावणारा माणूस, पण आज त्याला सांगायला काही सापडत नव्हतं. "झालं" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसत होता. ते तो गिळत होते. या माणसाला गाडीचं वेड आहे, असं मी इतके दिवस समजत होतो.

तेवढ्यात आबा पुढे आले. दुखरा गुडघा धरून, रफिकभाईंच्या खांद्याचा आधार घेत ते दारापाशी उकिडवे बसले आणि खालच्या कडेला बोट घासलं. मग मान वर केली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे न बघता, घरच्या अहिराणीत बोलले.

"वसंत, आठे रंग येगळा दिसस."

नाना वाकले. मीही वाकलो. तिथे काहीही नव्हतं. रफिकभाई तोंड उघडणार तोच मी त्यांचा हात दाबला.

"हां भाऊ," नाना म्हणाले. त्यांनीही त्याच जागी बोट घासलं. "मंग आखो येनं पडी."

"येसू ना." पुन्हा यावं लागेल म्हटल्यावर आबांनी येतो म्हणायला जराही वेळ लावला नाही.

रफिकभाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की आज गाडी घेऊन जा, पुढच्या सोमवारी घेऊन या, बघू.

नानांनी डावं दार उघडून धरलं. आबांना त्या खोलगट सीटवर बसायला वेळ लागला. आधी पाय आत की आधी कंबर, हे त्यांना कळेना. नाना घाई न करता उभे होते. स्टँडवर सोडून येतो, असं मला म्हणाले. सीट दोनच, त्यामुळे मी रफिकभाईंबरोबर फाटकात थांबलो.

फाटकापुढेच रस्त्यावर मोठा गतिरोधक आहे. सवयीप्रमाणे गाडी तिथे थांबली. आता डावं दार उघडेल म्हणून मी बघत होतो. दार उघडलं नाही. क्षणभराने गाडी तशीच, दोघांना घेऊन पुढे सरकली. तिचं पोट खर्रकन घासलं, ते फाटकापर्यंत ऐकू आलं. नाना थांबले नाहीत.