सोनचाफा भांडारापुढची रांग

नियोजन ही माझी जमेची बाजू आहे. आयुष्यभर मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, पण माझ्या प्रयोगशाळेत कधी स्फोट झाला नाही. एका विद्यार्थिनीच्या भुवया गेल्या, पण त्या तिने स्वतःच्या जबाबदारीवर घालवल्या होत्या. म्हणूनच सोनचाफा ग्राहक भांडाराच्या प्रदर्शनाचं काम अंगावर घेताना मी घरात जाहीर केलं, "यात गडबड व्हायला वावच नाही."

सोलापुरात मॉल येण्याच्या कितीतरी आधी सोनचाफाच्या शाखा होत्या. सात रस्त्याला मोठी, होटगी, माळशिरस वगैरे ठिकाणी लहान. सात रस्त्याच्या शाखेचे व्यवस्थापक माझे सासरे, वेणीमाधव ऊर्फ अण्णा. गिऱ्हाइकाने फळीवरून स्वतःच्या हाताने माल उचलायचा, ही पद्धत त्यांनी आणली. सुरुवातीला लोक डब्यासमोर हात बांधून उभे राहत आणि "घेऊ का?" असं विचारत. "घ्या, आपलंच आहे" हे सांगायला अण्णांनी एक माणूस नेमला. पुढे लोक इतके सरावले, की "ठेवा, दुसऱ्यांचंही आहे" हे सांगायला आणखी एक नेमावा लागला.

यथावकाश सगळ्या शाखा बंद पडल्या. सात रस्त्याचं दुकान तेवढं कुलूप लावून उभं होतं. तिथे भांडाराचं छोटं संग्रहालय व्हावं, ही अण्णांची एकच इच्छा. भांडाराचे अध्यक्ष मृत्युंजय मशाळे यांना मात्र जागा भाड्याने द्यायची होती.

"अण्णा, जुने डबे बघायला येतंय कोण?" ते म्हणाले. "रविवारी प्रदर्शन भरवून दाखवा. माणसं आली तर जागा तुमची. नाही आली तर भाडेकरूची."

त्या दिवसापासून अण्णांनी संध्याकाळी कट्ट्यावर जाणं सोडलं. मी पदर खोचला.

फळ्या पुसल्या. काटा लावला. माळ्यावरचे डबे, पुडे, जुन्या पाट्या जागच्या जागी मांडल्या. पण काहीतरी अपुरं वाटत होतं. मग लक्षात आलं, रांग! दिवाळीच्या तोंडावर साखर आणि पामतेलासाठी लागायची ती रांग नसेल, तर तो इतिहास कसला? मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातल्या बारा बायकांना तेलाचे कॅन आणि पिशव्या देऊन दारात उभं केलं. सगळ्यात पुढे शेजारच्या माजिदा आपा.

"आपा, फक्त उभं राहायचं. कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही."

ही सूचना माझी. इतर कुणावर ढकलता येत नाही. रांगेतली माणसं गप्प असली म्हणजे आत चांगला माल आलेला असतो, हे जुन्या सोलापूरकराला कळतं. मी सोलापुरात सून म्हणून आले, त्यामुळे मला उशिरा कळलं.

प्रथम एक निवृत्त गृहस्थ स्कूटर लावून मागे उभे राहिले. मला वाटलं, पहिला प्रेक्षक! मग भांडाराच्या जुन्या गिऱ्हाईक, होटगीच्या बजाबाई आल्या. त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं, "कशाची लाईन हाय?"

"माहीत नाही."

"मग का हुबं ऱ्हायलाय?"

"सगळे उभे आहेत की."

बजाबाईंना हे पटलं. त्यांनी आपल्या जागी पिशवी ठेवली आणि बहिणीला बोलवायला गेल्या. पाहता पाहता रांगेत पिशव्या, हेल्मेटं, एक प्रेशर कुकरसुद्धा उभा राहिला. शेपूट कोपऱ्यावरून वळलं, तोवर मी हौसेने फोटो काढत होते; मग चौकातल्या रिक्षा अडल्या. मी शेवटापासून "हे प्रदर्शन आहे, प्रदर्शन" असं समजावत पुढे निघाले.

"ओ मॅडम, मधी घुसू नका. आमी आदी आलोय."

"अहो, मी आयोजक आहे."

"समदे असंच म्हनत्यात."

कशीबशी दारापर्यंत पोचले. "आपा, तुम्ही यांना काही सांगितलं का नाहीत?"

"तूच बोलली ना, कुणाला काई सांगू नको? अल्लाकसम, एक लफ्ज नाही बोलली मी."

इतक्यात अण्णांनी आतून शटर वर केलं आणि अख्खी रांग आत आली. तिच्यासोबत माणसं मोजायला आलेले अध्यक्षही आले, पाय जमिनीला न टेकता. लोकांनी डबे उचलले.

"हलका लागतोय की."

"वजनात मारायलेत."

मी स्टुलावर चढले आणि वर्गात बोलते तशी शांतपणे म्हणाले, "हा ऐतिहासिक देखावा आहे. सर्व डबे रिकामे आहेत."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माल मागच्या दारानं गेला!"

इतका चुकीचा निष्कर्ष इतक्या वेगाने पसरलेला मी विज्ञानात पाहिलेला नाही. स्टूल हललं. मी काट्याचा आधार घेतला, तर काट्याने माझं वजन दाखवायला सुरुवात केली.

तेवढ्यात अण्णा आपल्या जुन्या टेबलामागून उठले. टोपी सारखी केली आणि घरात मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "माल संपला. उद्या या. रांगेत येईल त्यालाच मिळेल."

गर्दी एकदम निवली. लोकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तरी म्हणत होतो, लवकर निघू या," असं एकमेकांना ऐकवत सगळे पांगले. बजाबाईंनी डबा पुसून फळीवर ठेवला आणि "येते हां सायेब" म्हणून गेल्या.

अध्यक्ष घाम पुसत होते. मी विजयाने म्हटलं, "साहेब, माणसं आली."

"आली की! डोळ्यांनी बघितलं. तुमी काढलेले फोटो द्या जरा मला."

दिले. पुराव्याला मी कधीच नाही म्हणत नाही. त्याच फोटोंवर त्यांनी एका सुपरमार्केट कंपनीशी करार केला. रिकाम्या डब्यांना एवढी गर्दी, तर भरलेल्यांना किती, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात मला आजही खोट काढता येत नाही.

अण्णांना हे मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी चपला घालता घालता म्हणाले, "दुकानाचं दुकानच झालं ना? मग ठीक आहे." आणि कट्ट्यावर गेले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. उद्घाटनाला त्याच बायका उभ्या राहतील का?

मी आपांना विचारलं. "या वेळी काहीतरी द्यायला सांग," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी रिकामा कॅन घेऊन घरी गेले, तर सून अजून हसतीय."

कंपनीने प्रत्येकीला एक कापडी पिशवी कबूल केली. मलाही एक मिळाली. इतिहास जतन करण्याच्या कामी माझ्या पदरात पडलं ते एवढंच. पिशवी तशी बरी आहे. बंद मात्र जरा आखूड आहेत.