दोन फटींची वाटणी

कोणी बघत नसेल तेव्हा विश्वातली कोणतीही वस्तू एकाच जागी असेल असे नाही, हा पुंजभौतिकीचा पाया आहे. तो समजायला शास्त्रज्ञांच्या पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या. शिक्षण मंडळाला एक व्हॅन पुरली.

मंडळाची दोन महाविद्यालये होती, एक टेकडीवरचे आणि एक पुलापलीकडचे. दोन्हींकडे पुंजभौतिकीची सुसज्ज प्रयोगशाळा होती. दोन फटींच्या प्रयोगाचा संच मात्र एकच होता. तपासणी टेकडीवर असली की तो टेकडीवर असे, पुलापलीकडे असली की पुलापलीकडे. एरवी तो नेमका कुठे असतो हा प्रश्नच अशास्त्रीय मानला जाई. (एरवी तो व्हॅनमध्येच असे. उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे कोणी?)

प्रयोग साधा आहे. काळ्या पत्र्यावर केसभर अंतराने दोन बारीक फटी, पलीकडे पडदा. प्रकाशाचा एकेक कण फटींकडे सोडायचा. तो कुठल्या फटीतून गेला हे पाहिले नाही, तर पडद्यावर हळूहळू काळे-उजळ पट्टे उमटतात, जणू प्रत्येक कण दोन्ही फटींतून एकदमच गेला. पाहिले, तर तो मुकाट्याने एकाच फटीतून जातो आणि पट्टे नाहीसे होतात. थोडक्यात, व्हरांड्यात प्राचार्य दिसताच वर्गात शिरणाऱ्या विद्यार्थ्याचा जो स्वभाव, तोच कणाचा. (काही प्राध्यापकांचाही.)

टेकडीवर हा विषय हंगामी बाई शिकवत. हे त्यांचे नाव नव्हे, सेवाप्रकार होता. पण अकरा वर्षांत नावाची गरज कोणाला पडली नव्हती. दर एप्रिलमध्ये त्यांची सेवा संपे आणि जूनमध्ये सुरू होई. मधल्या काळात त्या नोकरीत असतही आणि नसतही. वर्गात ही अवस्था समजावून सांगताना त्यांना उदाहरण शोधावे लागत नसे.

घरी मात्र ती समजावणे कठीण जाई.

"अगं, एकदाचं काय ते सांग," सासूबाई म्हणत. "समोरच्या वहिनी विचारतात, सून नोकरी करते का म्हणून. मी काय सांगू?"

"कोणता महिना चाललाय ते बघून सांगा, आई."

यंदा मात्र प्राचार्यांनी शब्द दिला होता. प्रयोगशाळेला 'उत्तम' शेरा मिळाला की बाईंची जागा कायम. बाईंनी तो शब्द घरी सांगितला आणि सासूबाईंनी तो समोरच्या वहिनींना सांगितला. आता माघार नव्हती.

आणि त्याच वर्षी सरकारने वेळ वाचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दोन्ही महाविद्यालयांना पत्रे आली: दोन समित्या, एकच सोमवार, सकाळी अकरा.

तातडीची बैठक भरली. दोन्ही प्राचार्य एकमेकांचे साडू होते, त्यामुळे विषय संचावरून घसरून कोणाच्या मुलाला कोणाची दुचाकी दिली होती इथपर्यंत गेला. शेवटी मंडळाच्या अध्यक्षसाहेबांनी टेबलावर हात आपटला. भावकीतल्या वाटण्या मिटवण्यात त्यांची हयात गेली होती. विहीर, बांध, सामाईक भिंत, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले.

"फटी किती?" त्यांनी विचारले.

"दोन," बाई म्हणाल्या.

"कॉलेजं किती?"

काही गोष्टी इतक्या न्याय्य असतात, की त्यांच्याविरुद्ध बोलायला माणसाला लाज वाटते.

बाईंना वाटली नाही. "साहेब, एका फटीने हा प्रयोगच होत नाही. शिवाय दोन फटींमधलं अंतर करवतीच्या पात्यापेक्षा कमी आहे. कापलं तर दोन्ही भुशात जातील."

"बाई, कापणारा मन मोठं ठेवून कापेल," अध्यक्षसाहेब म्हणाले. "आजवर माझ्या एकाही वाटणीत कोणाचं काही गेलेलं नाही."

(हे खरे होते. ज्यांचे गेले, ते पुन्हा बोलले नव्हते.)

वर्कशॉपच्या फोरमननी मन मोठे ठेवून कापले. पात्याने आपली रुंदी घेतली आणि दोन्ही फटी त्या रुंदीत बसल्या. हाती आले ते काळ्या पत्र्याचे दोन गुळगुळीत तुकडे. वाटणी मात्र तंतोतंत झाली होती: दोन्हीकडे सारखेच 'काही नाही' आले होते. साडूंचेही अनेक वर्षांनी प्रथमच एकमत झाले, की चूक फोरमनची.

"आता पट्टे कुठून आणायचे?" बाईंनी प्राचार्यांना विचारले.

"पेंटर आहे ना," प्राचार्य म्हणाले. "फाटक रंगवायला आलाय तो. आणि समितीने दिवा लावायला सांगितलं तर म्हणायचं, बघितलं की प्रयोग बिघडतो. तुमच्याच शास्त्रात आहे ना हे?"

"आहे, पण त्याचा अर्थ..."

"आहे ना? मग झालं. बाई, अकरा वर्षं थांबलात, आता एका वाक्यासाठी अडू नका."

बाईंनी रविवारभर ते वाक्य घोकले. भाजी चिरताना म्हणून पाहिले, आरशासमोर म्हणून पाहिले. वाक्य बरोबर होते. परीक्षेत कोणी लिहिले असते तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते. फक्त ते म्हणताना त्यांचा चेहरा पडत होता.

सोमवारी अकराला समिती आली. समितीत तीन सदस्य होते. एक बघणारे, एक लिहिणारे आणि एक फोनवर असणारे. बघणारे सदस्य समितीप्रमुख होते. ते पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला.

"पट्टे छान आलेत," ते म्हणाले. "पण दिवा लावलेला दिसत नाही."

प्राचार्य खोकले. हीच ती वेळ. बाईंनी तोंड उघडले. डोळ्यांपुढे सासूबाई आल्या, समोरच्या वहिनी आल्या, अकराच्या अकरा एप्रिल आले.

"ते रंगवलेले आहेत, सर," बाई म्हणाल्या. "फटी कापताना गेल्या. दोन कॉलेजांत मिळून एकच संच होता."

प्राचार्य भिंतीकडे बघू लागले. लिहिणाऱ्यांचे पेन थांबले. फोनवर असणारे क्षणभर फोनवर नव्हते.

"कोणी रंगवले?" समितीप्रमुखांनी विचारले.

"फाटक रंगवतो त्याने."

ते पुन्हा पडद्याजवळ गेले. "हात चांगला आहे त्याचा," ते म्हणाले, आणि त्यांनी पुलापलीकडच्या समितीला फोन लावला.

इथे कणांच्या गुंफणीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. दोन कण एकदा गुंफले गेले, की ते एकमेकांपासून कितीही दूर असोत, एकाचे मोजमाप झाले की दुसऱ्याचे काय निघणार हे तिथल्या तिथे कळते. हे कसे घडते, यावर थोरामोठ्यांनी डोकी फोडून घेतली आहेत. समित्यांच्या बाबतीत ते सरळ आहे. पुलापलीकडच्या समितीने तिथे आधीच 'उत्तम' लिहून टाकले होते. तिथेही पट्टे होते, त्याच पेंटरचे. आणि त्या समितीचे प्रमुख पुढच्या महिन्यात, या प्रमुखांच्या स्वतःच्या महाविद्यालयाची तपासणी करायला जाणार होते.

समितीप्रमुखांनी फोन ठेवला.

"उत्तम," ते लिहिणाऱ्यांना म्हणाले. मग बाईंकडे वळून हलक्या आवाजात बोलले, "तुम्ही खरं बोललात. मला फार बरं वाटलं. तसं वेगळं नोंदवतो मी. 'अध्यापिका अत्यंत प्रामाणिक. पद कायम करावे.'"

बाई त्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी गेल्या. सासूबाईंनी ते आधी समोर नेऊन दिले.

आदेश महिन्याभराने आला. कायम पद मंजूर झाले होते, एक. संच सामाईक होता असे बाईंनी स्वतःच सांगितल्यामुळे पदही सामाईक धरण्यात आले: अर्धे टेकडीवर, अर्धे पुलापलीकडे. अर्ध्या पदावर कोणाला कायम करण्याची तरतूद नियमांत नाही. बाईंनी अध्यक्षसाहेबांना भेटून तसे सांगितले. ते मायेने म्हणाले, "बाई, दोन्हीकडे तुमचा हिस्सा आहे. कोणी नाही म्हणू शकणार नाही."

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. दोन्ही फाटकांवर 'उत्तम' असा फलक लागला. टेकडीवर पालकांच्या शंकांना उत्तरे द्यायला बाईंना टेबल टाकून बसवले होते. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी मुद्दाम समोर ठेवली होती. कोणी नुसते "दाखवा" म्हटले असते, तर त्यांनी उठून दार उघडले असते, पडदा दाखवला असता आणि तो कोणी रंगवला तेही सांगितले असते.

रांगेत तुम्हीही होतात. तुम्ही पार्किंगची सोय विचारलीत.