महालिंगआप्पा आणि तहानलेला स्लॅब

महालिंगआप्पा भिंत चाटायचे. खरोखरच, जिभेनं. घर घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक उंबऱ्यात, घरमालक पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी, आणि आप्पा कोपऱ्यात गुडघे टेकून भिंतीला जीभ लावतायत, हे दृश्य आमच्या केजमध्ये कुणाला नवीन नव्हतं. चव घेतल्यावर काकडी कडू निघालीय की काय अशा चेहऱ्यानं ते डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "खारट. बोअरच्या पाण्यातला गिलावा हाय. लोणा धरनार. हिचं मीठ बंद करा."

मीठ बंद करा म्हणजे काय करा, हे कुणी विचारलं की त्यांना राग यायचा. "डाक्टरला इचारता का, का म्हून?"

आप्पा आमच्या साखर कारखान्यात ओव्हरसियर होते. मी त्याच कारखान्यात ऊस विभागात कारकून. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा घरं तपासायचा उद्योग काढला. विकणारे आणि घेणारे, दोन्हीकडून बोलावणी यायची, पण घेणाऱ्यांची जास्त. पांढरा सदरा, पायजमा, कपाळावर भस्माची तीन बोटं, एका खिशात ओळंबा, दुसऱ्या खिशात काचेची गोटी. गोटी फरशीवर सोडायची आणि ती कुणीकडं पळते ते बघायचं. फी घ्यायचे, तीही आधी. सोयऱ्याकडूनसुद्धा. म्हणायचे, "फुकट सांगितलेलं मानूस ऐकत न्हाई. पैसं दिलं की झोंबतं."

भिंती त्यांना माणसांसारख्या दिसायच्या. फुगलेली भिंत 'पोटुशी', तडकलेली 'भांडलेली'. ओल आलेल्या भिंतीवर हात ठेवून हळहळायचे, "हिला लई दिसाचा ताप हाय, आन ह्यांनी वरून पावडर लावली." पावडर म्हणजे रंग.

बोलावलेलं नसेल तिथंही त्यांची तपासणी चालू असे. एका वास्तुशांतीला ते गच्चीवर गेले आणि पाणी कुणीकडं वाहतं ते बघायला पिंपभर पाणी सोडून दिलं. ते जिन्यावरून खाली आलं आणि पाहुण्यांच्या चपला पंगतीपर्यंत पोचल्या. यजमान लाल झाला. आप्पा शांतपणे पानावर बसले आणि म्हणाले, "पुरन झकास झालंय. जिना उलट्या उताराचा हाय."

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत. मुलगी पोहे घेऊन आली. सगळे तिच्याकडं बघतायत, आप्पा तिच्या डोक्यावरून मागं. मुलीच्या बापानं भीत भीत विचारलं, "काही शंका हाय का आप्पा?" आप्पा म्हणाले, "हाय. हे तुळवट कुनी घातलं?" लग्न झालं, पण तुळई बदलून घेतल्यावर.

ते चुकायचेही. मांजरसुंब्याजवळच्या एका ढाब्याची खोली त्यांनी 'पावसाळ्यात पडंल' म्हणून नापास केली होती. ती काही पडली नाही. ढाबेवाला दर खेपेला रस्त्यावरून ओरडायचा, "आप्पा, उभीच हाय बरं का!"

आप्पा जीपमधून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "पावसाळ्यात म्हनलो होतो. पाऊस झालाय का बे अजून?"

खरंच झालेला नसायचा.

एवढी घरं बघणारे आप्पा स्वतः राहायचे बाजारातल्या तेलाच्या दुकानामागं, भाड्याच्या दोन खोल्यांत. नोकरीला लागल्यापासून तिथंच. घर घ्यायचं नव्हतं असं नाही. दर वर्षी एखादं बघायचे. पण एखाद्याचा पाया बसलेला, एखाद्याचा नाला जवळ, एखाद्याची गोटी भलतीकडंच गेली. शांताकाकू, त्यांची बायको, हसून सांगायच्या, "आमच्या ह्यांनी सारा तालुका नापास केला. आता बीड ऱ्हायलंय." हसायच्या खऱ्या, पण असं हसून दमलेलं माणूस ओळखू येतं.

आता माझ्यावर येतो. मी बोलणारा माणूस नव्हे. घरात आमच्या सौंना, निर्मलाला, हीच तक्रार. पण हे सांगितल्याशिवाय आप्पा समजायचे नाहीत.

दुष्काळाच्या वर्षी आमची कारखान्यातल्या नोकरांची गृहनिर्माण संस्था घरं बांधत होती. संस्थेचा नियम असा, की स्लॅब टाकला तरच कर्जाचा पुढचा हप्ता सुटणार. तेव्हा काम कुणालाच नव्हतं, म्हणून गवंडी स्वस्त होते. मग आम्ही शहाण्या लोकांनी काय करावं? पाण्याचा थेंब नसलेल्या उन्हाळ्यात सगळ्या कॉलनीनं एकापाठोपाठ एक स्लॅब टाकले. स्लॅबला रोज भरपूर पाणी मारावं लागतं, नाहीतर तो कच्चा राहतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण हप्त्याच्या अर्जात पाण्याचा रकाना नव्हता.

टँकर यायचा. मी पाइप धरून गच्चीवर चढलो. खाली घागरींची रांग, आणि रांगेतल्या बाया मान वर करून माझ्याकडं बघतायत. कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. मी पाइप खाली घागरींत सोडला. नंतर अंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादल्यांनी नेलं, जमेल तेवढं. स्लॅब तहानलेलाच राहिला.

यात माझा काही गुन्हा आहे असं मला कधी वाटलं नाही. गुन्हा पुढं झाला. अलीकडं आतल्या गजांना गंज चढला आणि एका दुपारी स्लॅबचा थाळीएवढा तुकडा सुटून पलंगावर पडला. पलंगावर कुणी नव्हतं. मी तो गोळा करून बाहेर फेकला, आणि पुण्याहून मुलगा 'आता इकडंच या' म्हणाला तेव्हा घर विकायचं ठरवून कारागीर बोलावले आणि सगळ्या घराला पीओपीचं छत करून घेतलं. मधोमध मोठं फूल. भिंतींना लुकण भरून मोतिया रंग. ओलीच्या कोपऱ्यात कपाट. निर्मला एवढंच म्हणाली, "घेणाऱ्याला सांगणार ना?" मी म्हणालो, "विचारलं तर सांगू." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. बालाजी म्हणून एसटीतला कंडक्टर. पोरगा गरीब, मला काका म्हणणारा. घर बघून खूश. इसाराची बोलणी झाली आणि निघताना म्हणाला, "काका, एकदा आप्पाला दावून घेतो. आमचं म्हातारं त्याबिगर इसार देऊ देत न्हाई."

"कशाला फी घालवतोस? ओळखीचं घर आहे," मी म्हणालो.

"ओळखीचं हाय म्हून तर," बालाजी हसला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं.

आप्पा आले. चहा नको म्हणाले. गोटी सोडली, ती बरी थांबली. भिंत चाटली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "निस्ता रंग लागतोय." मग हॉलच्या मध्यावर उभे राहून मान वर केली.

"हे फूल कवा उमललं?"

"यंदा," मी म्हणालो.

"फुलाच्या वर काय हाय?"

"स्लॅब."

"आकाश असंल असं म्या म्हनलोच न्हाई."

त्यांनी बालाजीला गच्चीवर टाकी बघायला धाडलं. तो जिना चढेपर्यंत थांबले आणि माझ्या शेजारी खुर्चीवर बसले. आवाज खाली आणला. आप्पांचा आवाज खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

"भाऊ, त्या सालचा स्लॅब हाय. किती पानी मारलं?"

"आप्पा, तुम्हाला माहीत आहे सगळं."

"मला ठावं असून काय उपेग? खाली झोपनार त्यो." ते जिन्याकडं बघत होते. "आता म्या सांगू का तुमी सांगता? म्या सांगितलं तर तुमी नापास. तुमी सांगितलं तर निस्ता स्लॅब नापास."

बालाजी खाली आला. मी सांगितलं. टँकर, बाया, पाइप, पडलेला तुकडा, फूल. सांगताना छताकडं बघत होतो, त्याच्याकडं बघवत नव्हतं. आप्पा आपल्या चपला बघत बसले होते.

बालाजी उठला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काका, पलंग तितंच ठेवनार होतो आमी. पोरीचा." आणि गेला. पुढं त्यानं दुसरीकडं घर घेतलं. आप्पांनी दोन वेळा जाऊन तपासलं म्हणे, दुसऱ्यांदा फी न घेता.

त्या दिवशी आप्पाही गेल्यावर मी तसाच बसून होतो. निर्मला आतून आली आणि म्हणाली, "पोहे टाकू का?" किती दिवसांनी ती आपणहून काही विचारत होती. मला एवढंच कळलं, की घर तपासून घ्यावं ते घेणाऱ्यानंच असं नाही. मी सहा महिने आधी आप्पांना बोलावलं असतं, तर ते फूल माझ्या छातीवर बसलं नसतं.

बातमी गावभर झाली. घराकडं कुणी फिरकेना. पुण्याला जाणं लांबलं. आणि एका सकाळी आप्पा आले, बरोबर शांताकाकू. काकू थेट आत गेल्या. आप्पा पायरीवर टेकले.

"भाऊ, घर म्या घेतो."

मला थट्टा वाटली. "आप्पा, तुम्हीच नापास केलंय ना!"

"म्हून तर. ह्याचं सारं दुखनं मला ठावं हाय. दुसऱ्या घराचं कोन सांगतंय?" मग म्हणाले, "स्लॅब उतरवून पत्रे टाकीन. दोन म्हाताऱ्यांना पत्रे लई झाले."

"इतकी वर्षं का नाही घेतलं मग?"

आप्पा रस्त्याकडं बघत बोलायला लागले. "चुकलं म्हंजी? हिला भलत्या घरात न्हेऊन बसवलं म्हंजी? लोकांचं चुकलं तर म्या बोलतो. माझं चुकलं तर ही बोलनारच न्हाई, मला म्हाईत हाय. त्याचं भेव." त्यांनी गुडघे चोळले. "भेव वाटता वाटता हिचे केस पिकले, बगा."

व्यवहार झाला. पीओपी उतरलं, स्लॅब उतरला, पत्रे चढले. तोवर आम्ही शेजाऱ्यांकडं राहत होतो. पुण्याला निघायच्या दिवशी उरलेल्या किल्ल्या द्यायला गेलो, तेव्हा काकू हॉलमध्ये उभ्या होत्या. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात खिळा. खाली भिंतीला टेकवलेला छोटा आरसा.

निर्मलाला त्यांनी सांगितलं, की भाड्याच्या खोलीत मालक खिळा ठोकू देत नसे. आधीच्या भाडेकरूचा एक होता, पुरुषभर उंचीवर. लग्न होऊन आल्यापासून त्या टाचा उंच करून कुंकू लावत आल्या होत्या.

"आता माझ्या तोंडाएवढा ठोकते," काकू म्हणाल्या आणि हातोडा मारला.

खिळा आत गेला आणि भसकन तळहाताएवढा गिलावा निसटून खाली आला. मागची वाळू कोरडी भुरभुरत राहिली. काकूंनी हातोडा खाली घेतला आणि आप्पांकडं बघितलं. शाळेत काच फुटल्यावर पोरं बघतात तसं. मी मान खाली घातली. तो गिलावा माझा होता.

आप्पा पुढं झाले. भिंतीवर हात फिरवला.

"खिळा वाकडा हाय," ते म्हणाले. "भिंत लई चांगली हाय. हिकडं ठोक, जरा बाजूला."

काकूंनी दुसरा खिळा घेतला आणि त्या भिंतीकडं वळल्या. त्यांची पाठ वळल्यावर आप्पा सावकाश वाकले, पडलेला गिलावा वेचला, आणि एकेक तुकडा आवाज न करता सदऱ्याच्या खिशात भरू लागले.