हाय, हाय, बाकेगाकु

गुरुवारी ओवीला ताप होता, म्हणून लक्ष्मीकांत घरूनच काम करत होते. टोकियोजवळ ग्योतोकुच्या त्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप मांडला होता आणि दर मीटिंगनंतर ते लेकीला पेज नेऊन देत होते. सरोजिनीबाई पाळणाघरात कामाला गेल्या होत्या.

ओवी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढे तिला दंतवैद्यक करायचं होतं. काही कॉलेजांत पदवीधरांसाठी थोड्या जागा असतात, त्यांतली एक मिळवायची होती. त्याआधी मुख्य विषय कोणता घ्यायचा, यावर घरात तीन आठवडे खल झाला. लक्ष्मीकांतांनी एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यात रंग भरले, रविवारी तो टीव्हीवर लावून दाखवला. शेवटी बायोलॉजी ठरली, जी ओवी पहिल्या दिवसापासून म्हणत होती. फॉर्मही गेला. फक्त तापाच्या भरात तिने नाव, पत्ता, पालकांचा व्यवसाय सगळं भरलं आणि मुख्य विषयाचा रकाना कोरा ठेवला.

अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला तिचा फोन वाजला. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाई होत्या. लक्ष्मीकांतांनी सवयीने स्पीकर चालू केला. त्यांचं जपानी बारा वर्षं जुनं आणि पूर्णपणे निर्भय होतं. ओवी लहानपणापासून ते दुरुस्त करत आली होती. दुकानात, स्टेशनवर, पालकसभेत.

“मुलीचा विषय कोणता?” बाईंनी विचारलं.

मुलगी काय शिकते ते विचारतायत, असं लक्ष्मीकांतांना वाटलं. “कागाकु,” ते अभिमानाने म्हणाले. कागाकु म्हणजे विज्ञान. दुर्दैवाने रसायनशास्त्रही कागाकुच. उच्चार तोच, लिहायची अक्षरं वेगळी. घोळ होऊ नये म्हणून जपानी माणसं रसायनशास्त्राला बोलताना मुद्दाम बाकेगाकु म्हणतात. बाई काटेकोर होत्या.

“बाकेगाकु ना?”

हा शब्द लक्ष्मीकांतांनी जन्मात ऐकला नव्हता. पण न कळलेल्या प्रश्नाला हसतमुखाने ‘हाय’, म्हणजे हो, म्हणायचं, या धोरणावर त्यांनी बारा वर्षं नोकरी निभावली होती. “हाय, हाय, बाकेगाकु,” ते म्हणाले आणि फोनपुढे तीनदा वाकले.

पांघरुणात ओवीने शब्द न् शब्द ऐकला. “कोण होतं, बाबा?”

“तुझ्या ऑफिसच्या बाई. फर्स्ट क्लास बोललो. तू पड.”

सोमवारी फोन करून सुधारू, असं ठरवून ती झोपली.

शुक्रवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, लक्ष्मीकांत ऑफिसातल्या खुर्चीवरून उठले नाहीत.

विद्यापीठाचं पत्र तेराव्याच्या दिवशी आलं. महाराष्ट्र मंडळाच्या मोहनकाकांनी ते वाचलं. “विषय केमिस्ट्री. मंजूर.”

“ह्यांनीच पक्का केला,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “गुरुवारी रात्री जेवताना विद्यापीठाच्या फोनचं सांगत होते. हिच्यासाठी केलेलं शेवटचं काम.” पत्र त्यांनी फोटोपुढे ठेवलं.

ओवीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. विषय बदलायचा एक अर्ज होता, पण त्यावर आता आईची सही लागणार होती.

शोकसभेत मोहनकाका म्हणाले, “लक्ष्मीकांतची रसायनशास्त्रावर नितांत श्रद्धा होती.” ते ऐकून बाबांच्या साहेबांनी, नाकामुरा-सानांनी, मूलद्रव्यांचा तक्ता छापलेले सहा मग पाठवले. गणपतीत मंडळाने लक्ष्मीकांत स्मृती केमिस्ट्री प्रश्नमंजूषा सुरू केली. परीक्षक अर्थातच ओवी.

“पाण्याला रसायनशास्त्रात काय म्हणतात?” तिने विचारलं.

“मिझु,” आठ वर्षांची सलोनी जपानीत म्हणाली आणि टाळ्या घेऊन गेली.

प्रयोगशाळेत ओवीने केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षात अकरा चंचुपात्रं फोडली. बायोलॉजीच्या मैत्रिणी बेडूक बघायला जात, तेव्हा ती खिडकीतून बघत राही. तरी ती पास होत गेली, कशीबशी, मग बऱ्यापैकी.

दोन वर्षांनी दंतवैद्यकाचा अर्ज भरायची वेळ आली. त्यात एक निबंध होता : हाच मुख्य विषय का निवडलात? रविवारी सकाळी ती लॅपटॉप उघडून बसली. सरोजिनीबाई समोर गवार मोडत होत्या.

“बाबांचं लिही.”

“तेच लिहितेय.”

“एक विचारू? रागावू नकोस. ह्यांना केमिस्ट्री सुचली कशी?”

“म्हणजे?”

“अगं, बारावीला केमिस्ट्रीत दोनदा नापास झाले होते. लग्नाआधी मला सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणून. त्या विषयाचं नाव काढलं तरी पोट बिघडायचं त्यांचं.”

ओवीने लॅपटॉप मिटला. “मग तू बोलली का नाहीस?”

“तुला आधार वाटत असेल, म्हटलं. बाबांची इच्छा म्हणून शिकतेयस. तो कशाला काढून घ्यायचा?”

“मी तुझ्यासाठी शिकत होते, आई.”

सरोजिनीबाईंनी गवार बाजूला सरकवली. मग ओवीने फोनचं सगळं सांगितलं. कागाकु, बाकेगाकु, तीनदा वाकणं. सरोजिनीबाई पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या.

“आणि तू ऐकत होतीस? एरवी एक शब्द सोडायची नाहीस त्यांचा. त्या दिवशी हाक का नाही मारलीस? इतकं वाईट बोलत होते?”

“भयंकर,” ओवी म्हणाली. तिने एक शेंग उचलून मोडली. “पण मला ऐकायला आवडायचं, आई. कायमच आवडायचं. कधी सांगितलं नाही, नुसत्या चुका काढल्या. त्या दिवशी वाटलं, बोलू दे.”